कुंचला आणि ग्रंथ : बडोद्यातील पदवी-कलाशिक्षणाचा इतिहास

बडोदे शहराच्या विद्याजीवनाचा विचार करू लागले की कलाभवन, मध्यवर्ती ग्रंथालय, प्राच्यविद्यामंदिर आणि संग्रहालय या संस्थांची नावे ओघानेच ओठांवर येतात. या सर्व संस्था श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राजवटीत उभ्या राहिल्या. त्यांच्या पंक्तीत बसणारी आणखी एक संस्था मात्र महाराजांच्या निधनानंतर, स्वतंत्र भारतात जन्माला आली. ती म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची, १९५० साली स्थापन झालेली ललितकला विद्याशाखा. तिने देशाला अनेक नामवंत चित्रकार व शिल्पकार दिले, हे सर्वश्रुत आहे. तथापि शिक्षणाच्या इतिहासाच्या दृष्टीने तिचे मोल आणखी एका गोष्टीत आहे. जो विद्यार्थी चित्र काढण्यास शिकतो त्याने कलेचा इतिहासही अभ्यासला पाहिजे, आणि जो कलेचा इतिहास लिहू पाहतो त्याला चित्र वा मूर्ती हाताने कशी घडते हे ठाऊक असले पाहिजे, हा विचार पदवीच्या पातळीवर येथे नेटाने अमलात आला. आज ही गोष्ट स्वाभाविक वाटते. त्या काळी ती तशी नव्हती.

दोन वेगळे प्रवाह

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे सरकारी कलाशाळा निघाल्या. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई कलाविद्यालय १८५७ साली सुरू झाले. युरोपीय मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून छायाप्रकाशासह हुबेहूब रेखाटन करणे, पुढे जिवंत माणूस समोर बसवून व्यक्तिचित्र रंगवणे, अशी या शिक्षणाची चढण होती. हात तयार करण्याच्या दृष्टीने ही पद्धत कसदार होती, हे नाकारता येणार नाही. मराठी मुलुखातील चित्रकारांच्या अनेक पिढ्या तिच्यातूनच घडल्या. मात्र शेवटी विद्यार्थ्याच्या हाती पडे ती पदविका. विद्यापीठाची पदवी नव्हे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट आणि पुढे जी. डी. आर्ट या परीक्षांची नावे मराठी घरांत परिचयाची झाली, पण बी. ए. झालेल्या मुलाला समाजात जे स्थान मिळे ते या परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला मिळत नसे. शाळेतला ‘ड्रॉइंग मास्तर’ हा बहुधा त्या मार्गाचा शेवटचा मुक्काम समजला जाई.

या शिक्षणात इतिहासाला कितपत स्थान होते, याचे एक उदाहरण बोलके आहे. मुंबईच्या विद्यालयातील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर नेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. लेण्यांच्या अंधुक उजेडात बसून त्या तरुणांनी केलेले काम असामान्य चिकाटीचे होते. त्यातील पुष्कळ प्रतिकृती लंडनला पाठवल्या गेल्या आणि तेथील १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. जी चित्रे या विद्यार्थ्यांच्या हाताखालून रेषान् रेषा गेली, त्यांचा काळ, त्यांतील कथा, त्यांना आश्रय देणारे राजे व व्यापारी आणि त्या शैलीचे पुढचे वंशज यांचा पद्धतशीर अभ्यास मात्र त्यांच्या शिक्षणाचा भाग नव्हता. हात अजिंठ्यापर्यंत पोहोचला, इतिहासाचे पुस्तक तेथे पोहोचले नाही.

याउलट दुसरा प्रवाह विद्यापीठांत वाहत होता. कलकत्ता विद्यापीठाने १९२१ साली राणी बागेश्वरी अध्यासन निर्माण करून अवनींद्रनाथ ठाकूर यांना भारतीय कलेचे प्राध्यापकपद दिले. व्हिएन्नाहून आलेल्या स्टेला क्रामरिश यांनीही त्या विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केले. येथे कला हा ज्ञानाचा विषय झाला होता. परंतु व्याख्यान ऐकणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतः माती मळावी वा रंग घोटावा अशी अपेक्षा नव्हती. कलेचा इतिहास हा प्राचीन इतिहास व पुरातत्त्व यांच्या आश्रयाला राहिला होता.

या दोन्ही प्रवाहांना जवळ आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न शांतिनिकेतनात झाला. १९१९ साली सुरू झालेल्या तेथील कलाभवनात नंदलाल बसू यांच्या हाताखाली निसर्ग, परंपरा आणि कारागिरी यांचा एकत्र अभ्यास होई. क्रामरिश यांनीही कलकत्त्यापूर्वी तेथेच व्याख्याने दिली होती. शांतिनिकेतनाचे वातावरण आश्रमाचे होते आणि गुरूच्या सहवासातून शिष्याने शिकावे अशी तेथील रीत होती. वर्ग, तास, परीक्षा आणि पदवी यांच्या चौकटीत हा मेळ बसेल काय, हा प्रश्न मात्र तेथे सुटायचा होता.

बडोद्याची पूर्वपीठिका

हा प्रश्न बडोद्यात हाती घेतला गेला, यात योगायोगाचा भाग थोडा आणि पूर्वतयारीचा भाग अधिक होता. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्मा यांच्याकडून लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे करवून घेतली. इटलीच्या फेलिची यांनी राजवाड्यासाठी शिल्पे घडवली. १८९० साली प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली कलाभवन सुरू झाले. येथे ‘कला’ शब्दाचा अर्थ व्यापक होता; रंगकाम, सुतारकाम, यंत्रविद्या यांच्या शेजारीच रेखाटन शिकवले जाई. भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद फाळके हे मुंबईच्या कलाविद्यालयानंतर याच कलाभवनात येऊन शिकले.

सयाजीबागेतील संग्रहालय १८९४ साली खुले झाले. पुढे त्याला जोडून चित्रवीथी उभारण्यात आली आणि तीत युरोपीय चित्रांचा संग्रह मांडला गेला. १९३९ साली हेरमान गोएट्झ हे जर्मन कलेतिहासकार बडोद्यास आले आणि त्यांनी संग्रहालयाला संशोधनाचे केंद्र बनवले. त्याच सुमारास नंदलाल बसू कीर्तिमंदिराच्या भिंती रंगवण्यासाठी बडोद्यात येऊ लागले. १९३९ ते १९४६ या काळात गंगावतरण, मीरेचे जीवन, नटीर पूजा आणि महाभारतातील युद्ध हे विषय त्यांनी तेथे साकारले. म्हणजे ज्या शहरात रविवर्म्याची तैलचित्रे होती, त्याच शहरात त्या शैलीला उत्तर म्हणून उभ्या राहिलेल्या बंगाली परंपरेच्या श्रेष्ठ चित्रकाराची भित्तिचित्रेही आली. आधुनिक भारतीय कलेतला हा वाद बडोदेकरांना पुस्तकात वाचावा लागला नाही. राजवाडा ते कीर्तिमंदिर एवढ्या अंतरात तो डोळ्यांनी पाहता येत होता.

ग्रंथांच्या बाजूनेही भूमी तयार होती. १९१० साली महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना पाचारण केले आणि संस्थानभर सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणले. सामान्य माणसाच्या हाती पुस्तक गेले पाहिजे, ही जाण या मातीत मुरलेली होती. कलेचा अभ्यास ग्रंथाच्या आधाराने करावा, ही कल्पना अशा गावात परकी वाटण्याचे कारण नव्हते.

विद्याशाखेची स्थापना

बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि विलीनीकरणाच्या त्याच दिवसांत विद्यापीठाची स्थापना झाली. पहिल्या कुलगुरू झाल्या श्रीमती हंसा मेहता. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या त्या कन्या, घटना समितीच्या सदस्य आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावरील भारताच्या प्रतिनिधी होत्या. नव्या विद्यापीठात संगीत, नृत्य, चित्र आणि शिल्प यांना वाङ्मय व विज्ञान यांच्या बरोबरीचे स्थान मिळावे, अशी त्यांची भूमिका होती. त्यातूनच १९५० साली ललितकला विद्याशाखा उभी राहिली. तिचे पहिले अधिष्ठाता मार्कंड भट्ट झाले. कलेत विद्यापीठाची पदवी देणाऱ्या देशातील आद्य शाखांमध्ये तिची गणना होते.

चित्रकला विभागाची धुरा नारायण श्रीधर बेंद्रे यांच्याकडे आली. बेंद्रे मूळचे इंदूरचे. १९१० सालचा त्यांचा जन्म. इंदूरच्या कलाशाळेत दत्तात्रय दामोदर देवळालीकर या साक्षेपी गुरूंच्या हाताखाली ते घडले. विष्णू चिंचाळकर, डी. जे. जोशी हेही याच गुरूंचे शिष्य. देवळालीकरांनी विद्यार्थ्यांना भिंतींच्या आत न कोंडता बाहेर उघड्यावर, रस्त्यावरच्या उन्हात रंगवण्यास शिकवले. मुंबईची पदविका, देशभरची भ्रमंती आणि १९४७-४८ मधील अमेरिका-युरोपचा प्रवास एवढी शिदोरी घेऊन बेंद्रे बडोद्यास आले. शिल्पकला विभाग शंखो चौधुरी यांनी उभा केला. ते शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांचे शिष्य. १९५१ साली शांतिनिकेतनचेच के. जी. सुब्रमण्यन येऊन मिळाले. अशा रीतीने इंदूर-मुंबईची घट्ट रेखाटनाची परंपरा आणि शांतिनिकेतनची परंपराचिंतनाची दृष्टी एका आवारात नांदू लागल्या. कोणत्याही एका गुरूची शैली विद्यार्थ्यांच्या माथी मारावयाची नाही, हा संकेत आरंभापासून पाळला गेला. बेंद्रे स्वतः एका शैलीत अडकून पडणारे नव्हते, त्यामुळे हा संकेत टिकणे सोपे गेले. १९५६ साली शिक्षक व विद्यार्थी यांनी मिळून ‘बडोदा ग्रुप ऑफ आर्टिस्ट्स’ स्थापन केला, त्यामागेही हाच मोकळेपणा होता.

वर्ग, कार्यशाळा आणि संग्रहालय

कलेची पदवी द्यावयाची म्हणजे काय शिकवावयाचे, हा प्रश्न साधा नव्हता. इतर विषयांच्या पदवीधराने काही वाचलेले, समजून घेतलेले आणि लेखी मांडलेले असते. चित्रकाराच्या पदवीला तोच दर्जा हवा असेल तर त्याच्या हातातील कौशल्याबरोबर त्याच्या बुद्धीचीही मशागत व्हावयास हवी. म्हणून प्रारंभी सर्वांना रेखाटन, रंगकाम, मातीकाम अशी समान पायाभरणी, त्यानंतर चित्र, शिल्प किंवा उपयोजित कला यांपैकी एका शाखेचा विशेष अभ्यास आणि या सर्व वर्षांत कलेचा इतिहास व सौंदर्यविचार यांची जोड, असा सांगाडा तयार झाला. चित्रकार आणि साक्षेपी कलाभ्यासक व्ही. आर. आंबेरकर यांच्यासारख्यांनी आरंभीच्या काळात इतिहासाच्या अध्यापनाला हातभार लावला.

या इतिहासाचे स्वरूप केवळ राजे आणि सनावळ्या असे राहिले नाही. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर स्लाइड पडे. मोहेंजोदडोची मुद्रा, बाघचे चित्र, इटलीतले भित्तिचित्र, जपानी ठसाचित्र एकापाठोपाठ एक समोर येत. ते पाहणारा विद्यार्थी सकाळी स्वतः कॅनव्हासशी झगडून आलेला असे. त्यामुळे त्याचे प्रश्नही कर्त्याचे असत. ही आकृती कडेला का ढकलली, हा निळा येथेच का थांबला, दगडाचा हा भाग कोरावयाचा का ठेवला, असे प्रश्न केवळ वाचकाला सहसा सुचत नाहीत.

जवळचे संग्रहालय ही तर दुसरी वर्गखोलीच होती. १९५१ साली बडोद्यालगतच्या अकोटा येथे जैन कांस्यमूर्तींचा मोठा साठा सापडला. डॉ. उमाकांत शाह यांनी त्याचा अभ्यास करून १९५९ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. विद्याशाखेच्या पहिल्याच वर्षांत गावाच्या वेशीवर मूर्ती सापडाव्यात आणि त्यांवरचा मूलभूत ग्रंथही गावातच लिहिला जावा, हे भाग्य थोड्याच विद्यार्थ्यांच्या वाट्याला येते. चौरीधारिणीची ती कमनीय मूर्ती शिल्पाच्या विद्यार्थ्याला ओतकामाचा धडा होती आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला पश्चिम भारतातील शैलीचा पुरावा. १९५२ साली विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभागही सुरू झाला आणि हे नाते अधिक दृढ झाले.

सुब्रमण्यन यांनी या अभ्यासाची कक्षा आणखी रुंदावली. हातमाग, खेळणी, मातीची भांडी, लोकचित्रे ही कलेच्या इतिहासाच्या तळटीपेत टाकण्याची वस्तू नसून जिवंत परंपरेची भाषा आहे, असे ते मांडत. १९६१ पासून सुरू झालेल्या कलामेळ्यात शिक्षक आणि विद्यार्थी खेळणी, बाहुल्या, मुखवटे करून सर्वसामान्यांना विकू लागले, तेव्हा बडोद्यातील कुटुंबेच्या कुटुंबे तेथे लोटली. विद्याशाखेचे आद्य विद्यार्थी ज्योती भट्ट यांनी गुजरात व इतर प्रांतांतील खेड्यांतल्या भिंतींवरील आणि अंगणातील चित्रांची छायाचित्रे वर्षानुवर्षे टिपली. मूळ चित्रे पावसाबरोबर वाहून गेली. त्यांतील अनेकांचा आज उरलेला दाखला म्हणजे ही छायाचित्रे होत.

एकाच व्यक्तीत दोन्ही

या शिक्षणाची खरी परीक्षा त्यातून बाहेर पडलेल्या माणसांवरूनच करावयास हवी. रतन परिमू काश्मीरहून येथे आले, चित्रकला शिकले, लंडनच्या कोर्टोल्ड संस्थेत कलेतिहासाचे अध्ययन करून परतले आणि १९६६ पासून पाव शतक त्यांनी कलेतिहास व सौंदर्यशास्त्र विभागाचे नेतृत्व केले. गुलाममोहम्मद शेख १९५५ साली सौराष्ट्रातील सुरेंद्रनगरहून चित्रकलेचा विद्यार्थी म्हणून आले. पुढे त्यांनी अनेक वर्षे कलेचा इतिहास शिकवला आणि त्यानंतर चित्रकलेचे प्राध्यापकपद भूषवले. सिएनाची चित्रे आणि मोगल लघुचित्रे यांचा त्यांनी वर्गात केलेला अभ्यास त्यांच्या स्वतःच्या चित्रांतून बोलू लागला, हे त्यांची चित्रे पाहणाऱ्याच्या ध्यानात येते. मुंबईचे भूपेन खख्खर हे व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. १९६२ साली ते कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमासाठी बडोद्यास आले आणि येथेच राहून जगद्विख्यात चित्रकार झाले. इतिहास व समीक्षेच्या दारातून आत आलेला मनुष्य रंगांच्या दालनात जाऊन बसला, कारण मधले दार बंद नव्हते. शेख आणि खख्खर यांनी १९६९ ते १९७३ या काळात ‘वृश्चिक’ नावाचे छोटेखानी नियतकालिकही चालवले. चित्रकारांनी लिहावे, वाद घालावा, ही सवय या विद्याशाखेनेच लावली होती.

मराठी वाचकांना जवळचे वाटावे असे आणखी एक उदाहरण दीपक कन्नल यांचे. ते बडोद्यातच शिल्पकला शिकले आणि पुढे कलेतिहासाचे प्राध्यापक झाले. वेरूळच्या शिल्पशैलींवरील त्यांचा ग्रंथ १९९६ साली प्रसिद्ध झाला. ज्याच्या हातात स्वतः छिन्नी होती अशा अभ्यासकाने वेरूळच्या कारागिरांचे हात एकमेकांपासून वेगळे ओळखण्याचा प्रयत्न करावा, यात एक औचित्य आहे. ग्रिफिथ्स यांचे विद्यार्थी अजिंठ्याला जाऊन ज्या अभ्यासाविना परतले, तो अभ्यास शंभर वर्षांनंतर त्याच डोंगररांगांत असा पुरा होऊ लागला.

अडचणी आणि उणिवा

हे सर्व सांगताना उणिवांकडे डोळेझाक करणे योग्य ठरणार नाही. चित्रांना गुण कसे द्यावयाचे, हा पेच कायमच राहिला. इतिहासाची उत्तरपत्रिका तपासता येते. परंतु चित्राची गुणपत्रिका करताना परीक्षकाची आवड आड येतेच. दुसरे असे की, कलेतिहासाचे ग्रंथ मुख्यतः इंग्रजीत असल्याने गुजराती वा मराठी शाळेतून आलेल्या, हाताने तरबेज विद्यार्थ्याला लेखी अभ्यास जड जाई. त्याची दृष्टी तीक्ष्ण असे, पण पाहिलेले मांडण्यासाठी परभाषेतले शब्द त्याच्याजवळ नसत. आपल्या भाषांत कलेतिहासाची सुबोध, सचित्र पुस्तके पुरेशी झाली नाहीत, याचा भार या मुलांनी वाहिला. आणि पदवी मिळाली तरी ‘चित्रे काढून पोट भरेल काय’ हा घरातील वडीलधाऱ्यांचा प्रश्न तिने संपूर्णपणे मिटवला असे नाही. तथापि पदवीधर म्हणून महाविद्यालये, संग्रहालये, प्रकाशनसंस्था यांची दारे खुली झाली, हेही तितकेच खरे.

मे २००७ मध्ये या शिक्षणपद्धतीपुढे वेगळाच प्रसंग उभा राहिला. परीक्षेसाठी मांडलेल्या एका विद्यार्थ्याच्या चित्रांवर बाहेरील मंडळींनी आक्षेप घेतला आणि त्या विद्यार्थ्यास अटक झाली. त्याच्या सहाध्यायांनी दिलेले उत्तर लक्षणीय होते. भारतीय आणि पाश्चात्त्य कलापरंपरेत मानवी देहाचे व शृंगाराचे चित्रण कसकसे होत आले, हे दाखवणारे चित्रप्रतिकृतींचे प्रदर्शन त्यांनी विभागाच्या संग्रहातून मांडले. ते बंद करण्याचा आदेश निघाला; तो मानण्यास नकार देणाऱ्या प्रभारी अधिष्ठात्यांना निलंबित करण्यात आले आणि कलेतिहासाच्या संग्रहालाही टाळे लागले. या प्रकरणी मते भिन्न असू शकतील. इतिहासकाराने नोंदवावे ते इतकेच की, संकटाच्या घटकेला त्या तरुणांना कलेच्या इतिहासाचा आधार घ्यावासा वाटला. इतिहास त्यांच्यासाठी परीक्षेपुरता पाठ केलेला विषय असता तर असे घडले नसते.

मुंबईच्या सर ज. जी. कलाविद्यालयातही १९८१ पासून पदवी अभ्यासक्रम आला आणि देशात अनेक ठिकाणी ललितकलेच्या पदव्या मिळू लागल्या. बडोद्यात कलेतिहास हा आता पदवीपासून संशोधनापर्यंत स्वतंत्रपणे शिकता येतो. स्वतंत्र विभाग झाल्याने अभ्यासाला खोली आली. मात्र त्यासोबत हात आणि ग्रंथ पुन्हा दोन वेगळ्या इमारतींत जाऊन बसण्याचा धोकाही येतो. त्यावर उपाय १९५० च्या त्या मांडणीतच आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने काही काळ माती मळावी आणि शिल्पाच्या विद्यार्थ्याने काही काळ ग्रंथालयात बसावे, एवढी ती साधी होती. यांपैकी पहिली जबाबदारी विद्यापीठाची आहे. दुसरीत आपल्यासारख्या जुन्या ग्रंथालयांनाही वाटा उचलता येण्याजोगा आहे. कलाविषयक ग्रंथ महाग असतात, त्यांची मागणी थोडी असते आणि खरेदीच्या यादीतून ते प्रथम गळतात. गावात चित्रकला शिकणारा एखादा मुलगा किंवा मुलगी मराठीतून अजिंठा समजून घेण्यासाठी कपाटापाशी येईल, तेव्हा ते पुस्तक तेथे असावे, याची काळजी सभासद आणि आश्रयदाते यांनी घ्यावयाची आहे.